दहापट दाबलेलं वळण

खोलीत एक पलंग होता आणि त्यावर कोणी झोपत नव्हतं. पलंगावर सव्वा मीटर लांब, एक मीटर रुंद अशी प्लायवूडची फळी होती. फळीवर वाकड्या रुळांचे बारा तुकडे, सरळ रुळांचे दोन, एक इंजिन, तीन डबे आणि रुळांना वीज पुरवणारा मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर. एका टोकाला, वळणाच्या आतल्या बाजूने, प्लास्टरची करडी भिंत. डोंगर कापून काढलेल्या खिंडीची असते तशी. कपाटावर लवचिक रुळांच्या पाच पट्ट्या, दुकानातून आणल्या तशाच कागदात गुंडाळलेल्या. स्टेशन नव्हतं, सिग्नल नव्हता, झाड एकही नव्हतं. माणूस एकच होता: काडेपेटीतल्या काडीचा, गुल घासून काढलेला, दोन रुळांच्या मधोमध उभा. खाली जमिनीवर एक गादी, एक उशी. आणि दाराला, आतल्या बाजूने, कडी काढून टाकल्यावर राहिलेली स्क्रूची चार भोकं.

कडी आईने काढली होती. का काढली हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. एके सकाळी शिवणाच्या मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेली, कडी काढली, एप्रनच्या खिशात टाकली आणि परत येऊन पडद्याला दुमड घालू लागली.

खोली दादाची. दादा रेल्वेत ड्रायव्हर होता, खऱ्या रेल्वेत. एका लख्ख दुपारी त्याची गाडी एका खिंडीतल्या वळणावर आली, तेव्हा रुळांच्या मधोमध एक माणूस उभा होता. हातात पिशवी होती. तो तिथे का उभा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. दादाने ब्रेक मारला, गाडी थांबली, पण थांबायची तिथे थांबली नाही. चौकशी झाली. इंजिनातल्या यंत्रावर सगळं नोंदलेलं होतं: वेग ताशी बहात्तर किलोमीटर, ब्रेक त्या जागेच्या ब्याण्णव मीटर आधी. ड्रायव्हरचा दोष नाही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. दादा घरी आला, खोलीत गेला आणि तिथेच राहिला.

सुरुवातीला शेजारीपाजारी म्हणाले, धक्का बसलाय, होईल हळूहळू. मग म्हणाले, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. गोळ्यांनी त्याला झोप लागायची, पण उठल्यावर तो झोपेपूर्वी होता तिथेच असायचा. खोलीतून फक्त न्हाणीघरापर्यंत जायचा, तेही भिंतीला धरून, बोटीवर चालल्यासारखा. ताट दारात ठेवायचं आणि अर्धं उचलायचं.

म्हणून एक दिवस त्याने स्वतःहून "मला खेळातले रूळ आणून दे" म्हटलं, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. धाकटीने तिच्या प्रयोगशाळेतून सुट्टी काढली आणि सगळं आणलं. धाकटी म्हणजे त्याची बहीण. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, चहात साखरही चमचा सपाट करून घालायची आणि म्हणून दादा तिला लहानपणापासून 'मास्तरीण' म्हणायचा. त्या दिवशी रुळांची पिशवी हातात घेताना तो बऱ्याच काळाने म्हणाला, "मोजून आणलेत ना, मास्तरीणबाई?" तेवढ्या एका वाक्यावर घर आठवडाभर जगलं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा. छंद लागला, आता माणूस मार्गी लागेल, असं दोघींना वाटलं. काडीच्या माणसाकडे दोघींनी पाहिलं होतं, पण बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

त्या रविवारी सकाळी दादाने दाढी केली. न्हाणीघरातून बाहेर आला तो भिंत न धरता. टेबलाशी बसला नाही, पण ताट खोलीत नेताना स्वतः दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आई स्वयंपाकघरात धाकटीच्या कानाशी लागली, "बघितलंस? दोनदा घेतलं. नको, तू काही बोलू नकोस, दृष्ट लागेल."

आणि मग त्याने दारातून हाक मारली, "मास्तरीण, जरा ये."

धाकटी गेली. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात ठेवलं. हे घड्याळ तो पहिल्या पगारात घेतलेलं म्हणून सगळ्यांना दाखवत फिरला होता. ड्यूटीवर याच्याकडे बघून गाडी सोडायचा.

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "वेळ अचूक दाखवतं. तुला तसलंच आवडतं."

"आणि तुला?"

"मला आता काय करायचंय."

हे तो हसून म्हणाला. चेहरा शांत होता, वादळ येऊन गेल्यावर आकाश असतं तसा. इतके दिवस त्याचा तो काळवंडलेला चेहरा पाहून जी भीती वाटली नव्हती, ती या स्वच्छ दाढी केलेल्या चेहऱ्याला पाहून वाटली. तिने घड्याळ घेतलं, कारण न घेता काय करायचं ते सुचलं नाही.

"काय झालं, दादा?"

"उत्तर मिळालं. बस, दाखवतो."

तो फळीशी गुडघे टेकून बसला. आईच्या रिळातला पांढरा दोरा त्याने इंजिनच्या समोरच्या काचेला मेणाने चिकटवला होता. दोऱ्याचं दुसरं टोक त्याने काडीच्या माणसाशी ताणून धरलं. वळणामुळे दोरा मध्ये खिंडीच्या भिंतीला टेकला.

"दोरा म्हणजे माझी नजर. भिंतीला टेकलाय तोवर मला माणूस दिसत नाही, बरोबर? आता इंजिन पुढे आणतो." त्याने बोटाने इंजिन सरकवलं. दोरा भिंतीवरून घासत, घासत आला आणि एका जागी सुटला. दादाने कागदाची बारीक पट्टी दोरा आणि भिंत यांच्यामधून अलगद सरकवून दाखवली. "इथे दिसला. मोज."

धाकटीने मोजलं. रुळावरून इंजिनपासून माणसापर्यंत एक्केचाळीस सेंटिमीटर.

"खेळ सत्याऐंशी पट लहान. आणि खरं वळण फळीवर मावत नाही. चारशे मीटर त्रिज्येचं वळण लहान करूनसुद्धा चार मीटर साठ होतं. एवढी खोली कुणाच्या बापाची आहे? म्हणून सगळेच हौशी लोक वळण दाबतात. मी दहापट दाबलं. म्हणजे एक्केचाळीस गुणिले सत्याऐंशी गुणिले दहा."

"तीनशे सत्तावन्न मीटर," धाकटी म्हणाली.

"तीनशे सत्तावन्नवर तो मला दिसत होता. ब्रेक मी ब्याण्णववर मारला. मधे दोनशे पासष्ट मीटर. सेकंदाला वीस मीटर." तो थांबला. "तेरा सेकंद, मास्तरीण. तेरा सेकंद तो माझ्यासमोर उभा होता. तेरा सेकंदांत हॉर्न दोनदा वाजवता येतो. तेरा सेकंदांत माणूस चालत बाजूला होतो. साहेबांनी विचारलं ब्रेक कधी मारला. दिसला कधी, हे कुणी विचारलंच नाही."

"आणि त्या तेरा सेकंदांत तू काय करत होतास?"

"हसत होतो," दादा म्हणाला.

त्याचा असिस्टंट, ज्याला सगळी लाइन 'गप्पीदास' म्हणून ओळखायची, बोकडाची आणि न्हाव्याची गोष्ट सांगत होता. दादाने ती आधीही चार वेळा ऐकली होती. तरी हसला होता.

"हसताना माणूस डोळे मिटतो," तो म्हणाला. "मी आरशात बघितलंय."

धाकटीने जे सुचेल ते बोलून पाहिलं. गप्पीदासलाही दिसला नाही ना? तो माझ्याकडे बघून बोलत होता. ऊन डोळ्यावर असेल. ऊन पाठीशी होतं. तेरा सेकंद कोणी हसतं का? ती गोष्टच तशी आहे. प्रत्येक वाक्य ती टाकायची आणि तो हलकेच, चेंडू परत करावा तसं परत करायचा. चिडतही नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सोड गं," शेवटी तो म्हणाला. "माझं वाईट चाललेलं नाही. उलट आज कितीतरी दिवसांनी डोकं हलकं झालंय. न कळण्यापेक्षा कळलेलं बरं. आता एवढं आवरून घेतो."

'आवरून घेतो' हे शब्द घेऊन धाकटी स्वयंपाकघरात आली. तिने मूठ उघडून आईला घड्याळ दाखवलं.

"त्याने दिलं," ती म्हणाली.

आईच्या हातातलं फडकं थांबलं. घड्याळाकडे तिने बराच वेळ पाहिलं, जणू त्यावर वेळ सोडून आणखी काही लिहिलेलं होतं. दोनदा वाढून घेतलेल्या ताटाचा आनंद तिच्या चेहऱ्यावरून पुसला गेला तो दिसलाच. ती बाहेर गेली. शिवणाचं मशीन दोन्ही हातांनी ओढत, फरशीवर खरखर करत तिने बोळातून आणलं आणि दादाच्या उघड्या दारासमोर, अगदी उंबरठ्याला लावून मांडलं. मग स्टूल घेऊन बसली आणि पडदा शिवू लागली.

"इथे उजेड बरा आहे," ती म्हणाली. तिथे उजेड अजिबात नव्हता.

"आई, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," दादा आतून म्हणाला. "राखण बसलीस ना?"

"बसले," आई म्हणाली. "तुझ्या बापाची फरशी नाही, माझी आहे. कुठेही बसेन."

धाकटी मशीनच्या कडेने आत शिरली आणि गादीवर बसली. आता काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. डॉक्टरला फोन लावला, रविवारी तो लागला नाही. दवाखान्यातल्या बाईने गरज पडली तर सरळ घेऊन या, असं सांगितलं. 'घेऊन या' म्हणणं सोपं होतं. हा माणूस खोलीतून बाहेर पाऊल टाकत नव्हता. ती बसून राहिली आणि हात मोकळे राहीनात म्हणून इंजिन हातात घेऊन बघत राहिली.

इंजिनच्या उजव्या कुशीवर ओरखडा होता. निळा रंग गेलेला, खालचं पांढरं दिसत होतं.

"हे नवीन आणलं होतं मी. हे कशाने घासलं?"

"पहिल्या भिंतीने. आधी भिंतसुद्धा दाबून रुळाच्या जवळ घेतली होती, जमेल तेवढी. इंजिन अडकलं. फोडली आणि मागे नेऊन खऱ्या मापाला उभी केली."

"खरं माप म्हणजे?"

"रुळांच्या मध्यापासून तीन मीटर नव्वद. गप्पीदास पट्टी घेऊन गेला होता, त्यानेच मोजून आणलं. सत्याऐंशी पट लहान केलं की साडेचार सेंटिमीटर."

फळीवर, रुळाला खेटून, फोडलेल्या प्लास्टरची एक खरबरीत रेघ अजून चिकटलेली होती. धाकटी त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. मग तिचं बोट थांबलं.

"दादा, वळण दहापट दाबलंस?"

"सांगितलं ना."

"आणि भिंत?"

"भिंत दाबली तर साडेचार मिलिमीटरवर येईल, मास्तरीण. इंजिनचं पोटच त्याहून मोठं आहे. जाणार कुठून?"

"म्हणजे वळण दहापट दाबलेलं आणि खिंड जशीच्या तशी. मग तू त्या जागेवर बघतच नाहीयेस! वळणाच्या मानाने भिंत दहापट लांब सरकलीय. अशा ऐसपैस खिंडीत लांबचं दिसणारच. आणि वर तू त्याला दहाने गुणलंस."

शिवणाच्या मशीनचा आवाज थांबला.

दादाच्या कपाळावर आठी पडली. त्या सकाळची ती पहिली आठी. "मग किती यायला पाहिजे?"

धाकटीने मनात आकडा काढला होता. तो बरा होता, पण फार बरा नव्हता; आणि भिंत एक सेंटिमीटरभर जरी मागे असली तरी तो उलटणार होता.

"मी सांगितलं तर तू म्हणशील, बहीण आहे, धीर देतेय."

"म्हणेनच. मला वाचवायला तू आकडे वाकवशील. वाकवू नकोस. तेवढं एक करू नकोस."

"म्हणून गुणाकारच नको. न दाबता मांडू. चार मीटर साठचं वळण, खरं. भिंत साडेचार सेंटिमीटरवर. दोरा तोच, माणूस तोच. तुझे तीनशे सत्तावन्न खरे असतील तर ते चार मीटर दहा सेंटिमीटरवर दिसतील. तेवढी लांबी मला दे, म्हणजे तुझ्यावर अन्याय नको."

"एवढी खोली नाही."

"दार आहे ना," धाकटी म्हणाली.

दादाने दाराकडे पाहिलं. दारात मशीन होतं, मशीनमागे आई होती, आणि आईमागे बोळ स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. मग त्याने कपाटावरच्या पाच पट्ट्या खाली काढल्या.

"एक ठरवून घेऊ," तो म्हणाला. आवाज पुन्हा ड्रायव्हरचा झाला होता, ड्यूटीवर असतो तसा. "डोळे उघडे असलेला ड्रायव्हर समोरचं दिसल्यापासून ब्रेक मारेपर्यंत दीड सेकंद घेतो. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तेवढा धरायला शिकवतात. दीड सेकंद म्हणजे तीस मीटर. ब्याण्णव आणि तीस, एकशे बावीस. फरशीवर किती होतात?"

"एक मीटर चाळीस."

"तिथे खूण कर. इंजिन त्या खुणेच्या अलीकडे असताना दोरा सुटला, तर मी म्हणतो ते खरं. मी बघत नव्हतो. एक सेकंद असो की तेरा, मी बघत नव्हतो. मग तू गप्प बसायचं आणि मला समजावायचं नाही. कधीच."

"आणि खूण ओलांडून पुढे गेल्यावर सुटला तर?"

"तर काय?"

"तर हे परत घ्यायचंस." तिने घड्याळ खिडकीत ठेवलं. "आणि उद्या डॉक्टरकडे यायचंस. पायांनी."

"चालेल," तो म्हणाला. धाकटीला तो इतक्या सहज हो म्हणाला तेही आवडलं नाही. हरणारच नाही अशी खात्री असलेला माणूस पैज अशीच लावतो.

काम सुरू झालं. आईने मशीन ढकलत स्वयंपाकघरात नेलं आणि कात्री घेऊन आली. भिंतीसाठी पुठ्ठे हवे होते. तिने चपलांचे खोके, बिस्किटांचे खोके, पंख्याचा इतकी वर्षं 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेला खोका, सगळे उभे फाडले आणि सहा सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या कापल्या. "सरळ कापल्यात का बघ," ती धाकटीला म्हणाली, "नाहीतर मागाहून माझ्यावर येईल."

दोरी फिरवून वळण आखायला मधे भिंती येत होत्या. म्हणून धाकटीने खोलीच्या आतून बोळाच्या टोकापर्यंत सरळ दोरी ताणली, आणि दर पंचवीस सेंटिमीटरला वळण दोरीपासून किती बाजूला जातं ते फोनवर काढून खडूने ठिपके मांडले. चार मीटरच्या लांबीत मधोमध जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटरचा फुगवटा आला. फळीवरच्या त्या गरगर वळणासमोर हे वळण जवळजवळ सरळच वाटत होतं.

"हे?" दादा उंबरठ्याच्या आतून म्हणाला. "हे वळण आहे?"

"तू रोज यावरून गेलास. तूच सांग."

तो ठिपक्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हो. असंच. कळतसुद्धा नाही वळतंय ते."

भिंत उभी करण्याआधी धाकटीने गप्पीदासला फोन लावला. तीन मीटर नव्वद या आकड्यावर सगळं उभं होतं, आणि तो आकडा एका माणसाच्या हातातल्या पट्टीचा होता.

"ताई?" पलीकडून घाबरा आवाज आला. "दादा बरा आहे ना?"

"आहे. खिंडीची भिंत तुम्ही मोजलीत ती कुठून? जवळच्या रुळापासून की मधून?"

"मधून. मधोमध दगडाखाली पट्टीचं टोक दाबलं आणि भिंतीपर्यंत नेली. तीनदा मोजलं. दोनदा नव्वद आलं, एकदा एक्क्याण्णव. का? काय झालं?"

"काही नाही. मांडतोय."

"ताई, तो मला शिव्या देतो का?" जरा वेळाने गप्पीदासने विचारलं. "देत असेल तर सांगा. बरं वाटेल. मी त्या दिवसापासून कोणाला गोष्ट सांगितलेली नाही. लोक विचारतात, तोंडात काय धरलंयस?"

धाकटीने फोन दादाच्या दिशेने धरला. दादाने मान हलवली, नको. मग मोठ्याने, फोनला ऐकू जाईल असं म्हणाला, "नव्वद घेतोय म्हणावं. एक्क्याण्णव नको. मला सूट नको, मला तोटाही नको."

पलीकडे कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

पाच पट्ट्या एकमेकींत अडकवून, ठिपक्यांवर वाकवून, चिकटपट्टीने फरशीला धरल्या. पुठ्ठ्याची भिंत रुळाच्या मध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर. हे अंतर दादाने स्वतः तपासलं, पण उंबरठ्यापर्यंतच. पलीकडचं धाकटीने तपासलं आणि प्रत्येक ठिकाणी आईला वाचायला लावलं, म्हणजे दादाने म्हणायला नको. काडीचा माणूस स्वयंपाकघराच्या दारात, शेवटच्या पट्टीवर उभा राहिला. त्याच्यापासून एक मीटर चाळीसवर आईने पेन्सिलीने फरशीवर रेघ ओढली. तिने ती दोनदा गिरवली, रेघ जाड आली.

"कुठली कड धरायची?" दादाने विचारलं.

"माझी चूक, म्हणून तुझ्या फायद्याची," आई म्हणाली. "काडीच्या माणसाकडची."

इंजिन पलंगाच्या पायाशी ठेवलं. दोरा काचेला मेणाने लावला. दुसरं टोक धाकटीने काडीच्या माणसाशी धरलं. इंजिन पुढे येईल तसा दोरा तीच ओढून ताठ ठेवणार होती. आई कागदाची पट्टी घेऊन भिंतीशी बसली.

"चार मीटर दहा," धाकटी म्हणाली. "तुझे तीनशे सत्तावन्न. आई, बघ."

आईने कागद दोरा आणि भिंत यांच्यामध्ये घालून पाहिला. गेला नाही. दोरा पुठ्ठ्याला लांबवर चिकटून होता.

"नाही जात," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. डोळे आहेत मला."

दादाने इंजिन बोटाने सरकवलं. तीन मीटर. कागद गेला नाही. अडीच. गेला नाही. तो गुडघ्यांवर रांगत होता, एक हात इंजिनवर, एक फरशीवर, नजर दोऱ्यावर. धाकटी दोरा गुंडाळून घेत होती आणि तिच्या लक्षात आलं की तो उंबरठ्यावर आलाय. आईच्याही लक्षात आलं. तिने डोळे वर उचलले आणि लगेच खाली घातले. कोणी श्वास मोठा घेतला नाही. इंजिन उंबरठ्यावरून गेलं, मागोमाग त्याचा हात गेला, गुडघा गेला, दुसरा गुडघा गेला. त्याला ते कळलंही नव्हतं. तो फक्त दोरा बघत होता.

एक मीटर ऐंशी. कागद टोकाशी अडकला, आत गेला नाही.

एक मीटर साठ. इथून पुढे त्याने इंजिन एकेक सेंटिमीटर सरकवायला घेतलं. दर सेंटिमीटरला आई कागद लावायची आणि मान हलवायची. दादाच्या कपाळावरून घाम ओघळून फरशीवर पडत होता. धाकटीच्या बोटांत दोरा रुतला होता, तिला तो सैल करायचा मोह होत होता, ताठ करायचाही होत होता, आणि दोन्ही करायचं नव्हतं. मनात ती आकडा पुन्हा पुन्हा काढत होती आणि दर वेळी तोच येत होता, आणि तरी तिचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. पुठ्ठा वाकला असेल तर? ठिपका चुकला असेल तर?

एक मीटर बेचाळीस. "नाही," आई म्हणाली.

एक्केचाळीस. "नाही."

इंजिनचं तोंड पेन्सिलीच्या जाड रेघेच्या काडीच्या माणसाकडच्या कडेला टेकलं. दादा थांबला. त्याचं बोट इंजिनवर होतं आणि बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"बघ," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली.

आईने कागद लावला. पुठ्ठ्यावर धरला, हळूच ढकलला, परत काढला. दुसऱ्या बाजूने घालून पाहिला. मग तिने कागद दादाच्या हातात दिला. "तूच बघ. माझ्यावर नको."

त्याने घातला. गेला नाही. त्याने पुन्हा घातला.

"ढकल," धाकटी म्हणाली. "इंजिन पुढे ढकल, दादा."

त्याने ढकललं. रेघ मागे पडली. तो सरकवत होता, कागद लावत होता, सरकवत होता. एका जागी कागद दोरा आणि भिंत यांच्यामधून, काहीही न अडता, सरळ पलीकडे गेला. दादाने इंजिनवरचं बोट काढलं. मोजायची पट्टी आईने काडीच्या माणसाशी धरली, दुसरं टोक त्याने स्वतः इंजिनच्या तोंडाशी आणलं. मग त्याने इंजिन परत मागे नेलं आणि सगळं पुन्हा केलं. मग आणखी एकदा, कोणाला हात लावू न देता.

पहिल्यांदा एक मीटर अठ्ठावीस. दुसऱ्यांदा एक मीटर सत्तावीस. तिसऱ्यांदा एक मीटर अठ्ठावीस. खऱ्या रुळावर एकशे अकरा मीटर; ब्रेक ब्याण्णववर मारलेला, म्हणजे माणूस दिसल्यापासून पुरता एक सेकंदही गेला नव्हता.